सशाचे काळीज, सशाचे रक्त: भीती मोजण्याचा इतिहास

१/ मराठीत भित्र्या माणसाला ‘सशाच्या काळजाचा’ म्हणतात. पाठीवर पान पडले तरी आभाळ कोसळले असे समजून पळत सुटणारा ससा लहानपणीच्या गोष्टीतून प्रत्येकाला भेटलेला असतो. पण ही भीती खुद्द सशाच्या शरीराचे काय करते? तिची खूण रक्तात उमटते का? उमटत असेल, तर ती मोजायची कशी? उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत या प्रश्नांचा पाठलाग कित्येक दशके चालला. त्या पाठलागाची ही हकीकत. #धागा #इतिहास

२/ प्रथम सशाची ओळख. इंग्रजीतील ‘रॅबिट’ आणि ‘हेअर’ या दोहोंना मराठीत आपण ससाच म्हणतो, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. रॅबिट बिळात राहतो. त्याची पिल्ले जन्मतः केसहीन आणि मिटल्या डोळ्यांची असतात. हेअर म्हणजे रानससा. तो उघड्यावर जन्मतो, अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच. संकट आले तर शिरायला त्याला बीळ नसते. दडायला झुडूप आणि पळायला पाय, एवढीच त्याची मालमत्ता.

३/ या कथेचा नायक ‘स्नोशू हेअर’, शास्त्रीय नाव लेपस अमेरिकानस. कॅनडा आणि अलास्काच्या सूचिपर्णी अरण्यात त्याचे घर. वजन सुमारे दीड किलो. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. मागची पावले इतकी रुंद आणि केसाळ की भुसभुशीत बर्फातही तो रुतत नाही. मादी एका उन्हाळ्यात तीन-चार वेळा विते. आणि तरीही दर आठ ते अकरा वर्षांनी हा ससा अरण्यातून जवळजवळ नाहीसा होतो.

४/ या चढउताराची नोंद कोणा निसर्गशास्त्रज्ञाने नव्हे, तर व्यापाऱ्यांनी ठेवली. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळवलेली हडसन्स बे कंपनी कॅनडाच्या अरण्यातून कातडी विकत घेई. कोणत्या ठाण्यावर कोणत्या प्राण्याची किती कातडी आली, याचा हिशेब वर्षानुवर्षे वह्यांत उतरत गेला. त्यात लिंक्स या मोठ्या रानमांजराच्या कातड्यांचे आकडे साधारण दहा वर्षांच्या लयीत वर जात आणि खाली येत. लिंक्सचे मुख्य अन्न म्हणजे हाच ससा.

५/ ऑक्सफर्डचे तरुण प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२४ मध्ये प्राण्यांच्या संख्येतील नियमित चढउतारांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षापासून ते कंपनीचे सल्लागार झाले आणि जुन्या हिशेबवह्या विज्ञानाच्या कामी लागल्या. १९३१ पासून दूरदूरच्या ठाण्यांवर प्रश्नपत्रिका जाऊ लागल्या: यंदा ससे वाढले की घटले? ही चौकशी १९४८ पर्यंत चालली. १९४२ मध्ये एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी लिंक्सच्या दहा वर्षांच्या चक्रावरचा विख्यात निबंध लिहिला.

६/ हा केवळ अभ्यासकांचा छंद नव्हता. उत्तरेतील अरण्यात राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या कित्येक कुटुंबांचे हिवाळ्यातील पोट या सशावर अवलंबून असे. ससा गेला की लिंक्स जाई, लिंक्स गेले की व्यापार बसे, आणि ज्या टापूत दुसरी शिकार नसे तिथे माणसांची उपासमार होई. आपल्याकडे पावसाने ओढ दिल्यावर गावाची जी अवस्था होते, तीच तिकडे ससा आटल्यावर होत असे.

७/ मग ससा जातो कुठे? संशयित तीन होते. पहिला: अन्न संपते, कारण वाढलेले ससे हिवाळ्यात कोवळ्या फांद्या खाऊन फस्त करतात. दुसरा: शिकारी प्राणी. तिसरा: रोगराई. गर्दी झाली की साथ येते, हा अनुभव माणसांच्या वस्त्यांतून सर्वांना ठाऊक होताच. म्हणून १९३० च्या दशकात अनेकांची नजर तिसऱ्यावर गेली. सशाच्या रक्ताचा इतिहास इथून सुरू होतो.

८/ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक अलेक्झांडर नावाचा परिसर आहे. मिनेसोटा विद्यापीठाचे जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रीन आणि त्यांचे सहकारी तिथे सापळे लावून ससे पकडत, खुणा करून सोडत, काहींना पिंजऱ्यात ठेवून निरखत. संख्या घसरत असताना त्यांना एक विचित्र दृश्य दिसले. वरकरणी धडधाकट ससा अचानक आचके देऊ लागे, कधी सुस्त होऊन पडून राही आणि काही काळातच मरे.

९/ शवविच्छेदनात कोणताही जंतू हाती लागेना. रक्तातील साखर मात्र फार खाली गेलेली आणि यकृत बिघडलेले आढळे. ग्रीन आणि लार्सन यांनी १९३८ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ‘शॉक डिसीज’, म्हणजे धक्क्याचा आजार. सशांच्या नियमित संहाराचे कारण हेच, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंतूंवाचून येणारी साथ ही कल्पनाच त्या काळी चकित करणारी होती.

१०/ त्याच सुमारास माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांवर प्रयोग करत होते. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य: त्रास कोणताही असो, उंदरांच्या शरीरात तीन बदल तेच ते दिसत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजत, जठरात व्रण पडत आणि छातीतील थायमस ग्रंथी आक्रसून जाई. १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले त्यांचे हे छोटेसे टिपण म्हणजे ताणाच्या आधुनिक शास्त्राचा पाया.

११/ थायमस का महत्त्वाची? रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या श्वेतपेशींपैकी एक मोठा वर्ग तिथेच घडतो. १९४० च्या दशकात थॉमस डोहर्टी आणि अब्राहम व्हाइट यांनी दाखवले की अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक वाढले की रक्तातील लिम्फोसाइटची संख्या घटते. ताण आणि रोगप्रतिकारशक्ती यांना जोडणारा धागा सापडला होता. संकटात सापडलेला प्राणी आपल्या संरक्षक पेशींच्या संख्येवर त्याची खूण सोडतो, असा त्याचा अर्थ होता.

१२/ १९५० मध्ये जॉन ख्रिश्चन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे सगळे दुवे एकत्र गुंफले. त्यांचे म्हणणे असे: प्राणी वाढले की गर्दी होते, गर्दीतून संघर्ष होतो, संघर्षाने अधिवृक्क ग्रंथी थकतात, प्रजनन मंदावते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि अखेर संख्या कोसळते. ग्रीन यांचा धक्क्याचा आजार हा त्यांच्या मांडणीतला एक ठळक पुरावा होता. शिकारी नको, दुष्काळ नको. गर्दीच गर्दीचा नाश करते! कल्पना सुबक होती आणि गाजलीही खूप.

१३/ पण पुराव्यात एक भेग होती. ग्रीन यांचे आचके देणारे ससे कुठे मरत होते? सापळ्यात, पिंजऱ्यात, माणसाच्या हाताळणीनंतर. मोकळ्या अरण्यात ते तसेच मरतात, हे कोणी दाखवले होते? डेनिस चिटी यांनी १९५९ मध्ये या पुराव्याची परखड चिकित्सा केली. पुढे कॅनडातील अल्बर्टा प्रांतात लॉइड कीथ यांनी वर्षानुवर्षे ससे मोजले. त्यांच्या अभ्यासात अन्नटंचाई आणि शिकारी प्राणी पुढे आले. धक्क्याचा आजार मागे पडला.

१४/ प्रकरण इथे मिटले असते. पण त्यातून निघालेला प्रश्न मोलाचा होता. रानातला प्राणी पकडल्याशिवाय त्याचे रक्त काढता येत नाही, आणि पकडणे हाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धसका असतो. मग रक्तात दिसणारी भीती अरण्याची की सापळ्याची? मोजणाऱ्याच्या हातानेच मोजमाप बिघडत असेल, तर सशाच्या रक्ताला साक्षीदार म्हणून उभे तरी कसे करायचे?

१५/ इथे थोडे मागे जाऊन मोजणीचे तंत्र पाहू. रक्तातील पेशींची पहिली पद्धतशीर मोजणी जर्मनीतील कार्ल फिअरोर्ट यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे चौकटी आखलेली, ठरावीक खोलीची काचपट्टी आली. रक्त सौम्य ॲसेटिक आम्लात मिसळले की तांबड्या पेशी फुटून जातात आणि श्वेतपेशी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटींतील ठिपके मोजायचे, गुणाकार करायचा. रक्ताच्या एका थेंबावरून सगळ्या फौजेची शिरगणती होते.

१६/ पण फौजेत कोण किती, हे कसे कळावे? पाउल एर्लिक यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातील रंगद्रव्ये रक्ताच्या पातळ थरावर वापरली, आणि एकसारख्या वाटणाऱ्या श्वेतपेशी वेगवेगळ्या जातींच्या निघाल्या. माणसात जिला न्यूट्रोफिल म्हणतात, तीच पेशी सशात तांबूस कण दाखवते. म्हणून तिथे तिचे नाव हेटेरोफिल. ताण वाढला की साधारणतः लिम्फोसाइट घटतात आणि हेटेरोफिल वाढतात. या दोहोंचे गुणोत्तर पुढे रानप्राण्यांच्या अभ्यासात ताणाचे एक माप ठरले.

१७/ या मापाचा एक गुण विशेष. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सापळ्याचे दार पडल्यापासून काही मिनिटांतच चढू लागते. श्वेतपेशींच्या प्रमाणात कॉर्टिसॉलमुळे होणारा बदल मात्र सावकाश, तासांच्या हिशेबाने दिसतो. म्हणजे एकाच थेंबात दोन घड्याळे असतात: एक आत्ताची घटका दाखवणारे, दुसरे थोडे मागे चालणारे. मात्र ससा रात्रभर सापळ्यात अडकून पडला असेल, तर दुसऱ्या घड्याळावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

१८/ आता कॅनडाच्या वायव्य टोकाकडील युकॉन प्रदेशात, क्लुएन सरोवराकाठी. १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक अवाढव्य प्रयोग चालवला. एकेका चौरस किलोमीटरचे तुकडे आखले. काहींत सशांना जादा खाद्य दिले. एकाला विजेचे कुंपण घातले, ज्यातून ससे ये-जा करू शकत पण लिंक्स आणि कायोटी आत येऊ शकत नसत. एकात खाद्य आणि कुंपण दोन्ही.

१९/ निकाल १९९५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. चक्राच्या शिखरावर आणि उतारावर कुंपणाने सशांची घनता दुप्पट झाली, खाद्याने तिप्पट. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अकरापट! म्हणजे अन्न आणि शिकारी हे दोन वेगळे संशयित नव्हते. त्यांची हातमिळवणी होती. गळ्यात रेडिओपट्टे बांधलेल्या सशांचा माग काढल्यावर दिसले की मेलेल्यांपैकी बहुतांश शिकारी प्राण्यांच्या तोंडी गेले होते. उपासमारीने वा रोगाने मरणारे थोडे.

२०/ याच अरण्यात टोरोंटो विद्यापीठाचे रूडी बूनस्ट्रा जुना प्रश्न नव्याने घेऊन आले. सापळ्याची भीती टाळता येत नाही, तर ती सर्वांना सारखी करावी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. पकडलेल्या प्रत्येक सशाचे पहिले रक्त घेत. मग कोविडकाळात घरोघरी माहीत झालेले डेक्सामेथासोन टोचून त्याची ताणयंत्रणा शांत करू पाहत. नंतर अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक टोचत आणि ठरल्या वेळांना पुन्हा रक्त घेत.

२१/ एका मोजणीने काय ते ठरवण्याऐवजी प्रत्येक सशाच्या शरीराला एकच प्रश्न विचारला जात होता: थांब म्हटले तर थांबतोस का, आणि धाव म्हटले तर किती धावतोस? सापळा सर्वांच्या वाट्याला आलेलाच होता. त्यामुळे उत्तरांत जो फरक दिसेल, तो सापळ्यापूर्वीच्या आयुष्याचा असणार. ग्रीन यांच्या काळी राहून गेलेली तुलना साठ वर्षांनी अशी साधली गेली.

२२/ १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९१ आणि १९९२ ही उताराची वर्षे. अरण्यात शिकारी मुबलक. १९९४ हे तळाचे वर्ष. ससेही थोडे, शिकारीही थोडे. उताराच्या वर्षांतील सशांत मुक्त कॉर्टिसॉल अधिक होते, कारण त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची क्षमताही घटली होती. श्वेतपेशींची संख्या कमी होती. नरांच्या टेस्टोस्टेरॉनचा प्रतिसाद मंद होता आणि हिवाळ्यात वजन अधिक उतरत होते.

२३/ ख्रिश्चन यांची गर्दी इथे मागे पडली. १९९२ पर्यंत ससे बरेच विरळ झाले होते, तरी ताण ओसरला नव्हता. तो ओसरला शिकारी घटल्यावर. ताण खरा होता, पण त्याचा उगम शेजारच्या सशात नव्हता. लिंक्सच्या पावलांत आणि घुबडाच्या पंखांत होता. ग्रीन यांनी पाहिलेली दुर्बलता आणि ख्रिश्चन यांनी जोडलेले दुवे सर्वस्वी खोटे नव्हते. आरोपी मात्र चुकीचा धरला गेला होता.

२४/ श्वेतपेशींच्या त्या कमी आकड्याचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी हवी. फिरदोस धाभर आणि ब्रूस मॅकएवेन यांच्या १९९० च्या दशकातील उंदरांवरच्या कामाने दाखवले की ताणात रक्तातून गायब झालेल्या पेशी सगळ्याच मरत नाहीत. पुष्कळशा रक्त सोडून शरीरात अन्यत्र जातात. ठाण्यात शिपाई कमी दिसले, म्हणजे फौज संपली असे नाही. शिवाय क्लुएनचे ससे प्रामुख्याने रोगाने मरत नव्हतेच. कमी श्वेतपेशी ही दीर्घ ताणाची एक साक्ष होती, मृत्यूचा दाखला नव्हे.

२५/ तरीही एक कोडे उरले. शिकारी घटल्यावर आणि झाडोरा पुन्हा वाढल्यावरही ससे लगेच वाढत नाहीत. काही वर्षे तळाशीच राहतात. का? मायकेल शेरीफ, क्रेब्स आणि बूनस्ट्रा यांनी मग रक्ताऐवजी लेंड्या हाती घेतल्या. लेंडीत उतरणारे कॉर्टिसॉलचे अंश काही तासांपूर्वीचे असतात. म्हणून ताजी लेंडी ससा सापळ्यात शिरण्यापूर्वीची हकीकत सांगू शकते. मोजणाऱ्याच्या हाताची जुनी अडचण इथे बऱ्याच अंशी टळली.

२६/ एका प्रयोगात कुंपणातील गाभण माद्यांजवळ दिवसाआड, एक-दोन मिनिटे, शिकवलेला कुत्रा नेला जाई. तो कोणाला चावत नसे, केवळ दिसे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: भेदरलेल्या माद्यांची पिल्ले आकाराने लहान आणि वजनाने कमी निघाली. पुढच्याच वर्षी या गटाने दाखवले की मातेच्या ताणाची पातळी आणि मुलींच्या ताणाची पातळी यांचा संबंध आहे. शिकारी निघून गेला तरी त्याची सावली पुढच्या पिढीच्या अंगात राहते.

२७/ हिशेबवहीतील आकड्यांच्या लाटेपासून निघालेला शोध असा एका थेंबापर्यंत आणि एका लेंडीपर्यंत आला. ग्रीन यांची चूक निरीक्षणात नव्हती. त्यांनी जे पाहिले ते खरोखर घडत होते. पिंजऱ्यातील मरण अरण्यातील मरणाच्या जागी ठेवले गेले, तिथे घोटाळा झाला. पुढच्या पिढ्यांनी ते निरीक्षण फेकून दिले नाही. आपला हात वजा करून ससा कसा मोजायचा, हे त्या शिकत गेल्या.

२८/ ‘सशाचे काळीज’ या शब्दांत आपण भ्याडपणाची निंदा करतो. क्लुएनच्या अरण्यातले आकडे निराळे बोलतात. तिथे भीती हा स्वभावाचा दोष नाही. ती बीळ नसलेल्या जिवाने जगण्यासाठी मोजलेली किंमत आहे. ती किंमत रक्तातल्या पेशींत, उतरलेल्या वजनात आणि लहान जन्मलेल्या पिल्लांत चुकती होते. लिंक्सने ज्याला कधी गाठलेच नाही, त्या सशालाही ती द्यावी लागते. (धागा समाप्त)